पोचल्यावर फोन करू नका

रविवार, कंधार. हजर: माय, तिचा मुलगा म्हणजे माझे दाजी, माझी ताई आणि मी. काम: मायचं खुब्याचं मोडलेलं हाड सांधलं, म्हणून दोन महिन्यांनी तिला तिच्या घरी आणून सोडणं.

निघणाऱ्या पाहुण्याला "पोचल्यावर फोन करू नका" असं बजावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो आमच्या वाट्याला आला. दाजी नांदेडला घरी बसून हैदराबादच्या एका कंपनीचं काम करतात. तिथे दालनं भरून कॉम्प्युटर आहेत. ते दिवसभर एकमेकांना विचारतात, "आहेस का?" "आहे." "मिळालं का?" "मिळालं." या चौकशांपायी एकालाही झोप नाही. त्यात वीज जळते, आणि तापलेल्यांना गार करायला पुन्हा वीज. दाजींनी ही बडबड कमी करायची: निरोप साठवा, एकदम पाठवा, मधल्या वेळात मशीनला झोपू द्या.

हे कामापुरतं ठेवलं असतं तर मी एवढी थकले नसते. पण दाजी आमच्याकडे लातूरला येतात ते चार महिन्यांची चौकशी साठवून. चपला काढता काढता तब्येत, पाऊस, पोरीचा निकाल, सगळं एका दमात विचारतात आणि सोफ्यावर झोपतात. घरी ताईने हाक मारली तर ओ देत नाहीत. वर म्हणतात, "ऐकू आलं नसतं तर विचारलं असतं ना!" यावर ताई म्हणते, "ऐकूच आलं नसतं तर विचारलं कसं असतं?"

माय कंधारला एकटी राहते. ती दाजींना रोज फोन करायची, "जेवलास का?" तिलाही नियम लावला: काही बिघडलं तरच फोन. गप्प म्हणजे ठीक. "आरं, जेवला का म्हणलं तर कोन्ची मशीन जळून राहिली रे तुही?" माय म्हणाली. पण नियम तिने पाळला.

मग एका सकाळी ती न्हाणीत घसरली. फोन फडताळात. दिवसभर गप्प, म्हणून दिवसभर ठीक. संध्याकाळी शेजारीण विरजण मागायला आली तेव्हा कळलं.

दवाखान्यात दाजी मला म्हणाले, "झोपलेली मशीन आणि बंद पडलेली मशीन, दोन्ही गप्पच असतात हो. हे मीच रोज कामावर सांगतो."

माय डोळे मिटूनच म्हणाली, "मंग इचार की आता."

"जेवलीस का, माय?"

"न्हाई."

रविवारी मला लातूरच्या बसमध्ये बसवून दाजी खिडकीशी थांबले. "पोचल्यावर फोन..." पुढचं 'करू नका' तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं. "करा एक."

घरी येऊन यादी काढली. न्हाणीत धरायला दांडी: मिस्त्रीला सांगितलं. गोळ्यांची चिठ्ठी: ताईकडे दिली. दाजींना फोन: चारदा लावला, चारदा बिझी. शेवटी ताईला लावला.

"आम्ही नांदेडला पोचलो तसे मायशी बोलून राहिलेत," ती म्हणाली. "अर्धा तास झाला. भाकरी खाल्ली का, किती खाल्ली, कशासंगं खाल्ली. तू पोचलीस म्हणून सांगू का?"

"नको, बोलू दे. मी लावते नंतर."

यादीत तेवढी एक ओळ राहिली आहे.