सीटचे चार कोपरे

शिवायला बसलं की ताईची तंद्री लागायची. पायाखाली पायडल, हाताखाली जाडजूड रेक्झिन, पत्र्याच्या भोकांतून उतरलेले उन्हाचे कवडसे आणि त्यांत तरंगणारी धूळ. सरळ शिवण आली की मशीन सुसाट खडखडायची. कोपरा आला की ताई थांबायची, सुई आत रुतवून कापड वळवायची, की पुन्हा सुसाट. गाडीच्या एका सीटला असे चार कोपरे.

गॅरेज वडिलांचं. ताई गाड्यांच्या सीटा शिवायची. आणि धाकटा भाऊ? त्याला पाना हातात घ्यायचा म्हणजे जिवावर यायचं. तो गिटार वाजवायचा. तीन मित्र गोळा करायचा, दुरुस्तीच्या गाड्या अंगणात ढकलायचा आणि मागच्या भिंतीशी चौघं मिळून असा धुमाकूळ घालायचे की विचारू नका. ताईनं त्यांच्यासाठी कधी मशीन थांबवली नाही आणि ते ताईसाठी कधी थांबले नाहीत. एखाद्या दिवशी ताई तापानं घरी राहिली की नेमका ठेका चुकायचा आणि धाकटा ड्रमवाल्यावर खेकसायचा. ड्रमवाला बिचारा ऐकून घ्यायचा.

एका रविवारी धाकट्यानं कुठून तरी टेपरेकॉर्डर मागून आणला. संध्याकाळी परत द्यायचा होता.

"ताई, आज मशीन बंद ठेव."

"सकाळी गाडीवाला येणार आहे. तूच बंद ठेव तुझं ते."

"अगं, एक गाणं फक्त."

"एक सीट फक्त."

धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण करतो काय! टेप फिरायला लागली. ताईनं पायडल मारलं, इकडे गिटार करवादली. धाकटा गळा ताणून ओरडत होता, 'जा म्हटलं तरी जाऊ नको.' ताई पहिल्या कोपऱ्यावर थांबली आणि चौघंही थांबले. तिनं कापड वळवलं, मशीन सुरू झाली, तसे तेही सुरू झाले. चारही कोपऱ्यांवर असंच झालं. शेवटी ताईनं दोरा तोडला आणि गाणं संपलं.

"वाट लावलीस गाण्याची," धाकटा म्हणाला. पुढे दोन महिने तो तिच्याशी धड बोलला नाही.

टेप धाकट्यानं एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला ऐकवली आणि त्याला गाणं आवडलं. त्यानं चौघांना स्टुडिओत नेऊन तेच पुन्हा वाजवून घेतलं, दोनदा. गाणं स्वच्छ झालं आणि त्यातला जीव गेला. शेवटी कंटाळून त्यानं गॅरेजमधल्या टेपवरूनच रेकॉर्ड काढली, आणि त्या रेकॉर्डला लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं. गाणं चार ठिकाणी थांबायचं तिथे नाचणारी पोरं जागच्या जागी गोठायची, एक पाय हवेत. पुढे अशा गाण्यांना गॅरेज रॉक म्हणायला लागले.

ताई दोऱ्याची रिळं आणायला निघाली की केशकर्तनालयातून ते गाणं यायचं, पुढे कुणाच्या खिडकीतून, त्याहीपुढे उभ्या गाडीतून. सगळा रस्ता शिवत चालल्यासारखं वाटायचं. आपण चालतोय की पायडल मारतोय, तिला कळेनासं व्हायचं. डोळ्यांपुढे एक मोठं दालन यायचं. मधोमध ती खाली मान घालून बसलेली, भोवती शेकडो माणसं नाचताहेत, आणि कुणाचंच तिच्याकडे लक्ष नाही. तिला ते आवडायचंसुद्धा.

मग एकदा रेडिओवर धाकट्याला कुणी विचारलं, गाण्यात ती खडखड कसली?

"इंजिन," धाकटा म्हणाला. "जुनं इंजिन मुद्दाम चालू ठेवलं होतं. माझीच कल्पना."

ताई दातात दोरा धरून ऐकत होती. तिनं तो तोडला आणि पुढची शिवण घेतली. पण वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तिला काही रेकॉर्डवर नाव नको होतं. 'ती तू होतीस' एवढं त्यानं एकदा तिला तोंडावर म्हणावं, बस्स.

तिकडे बाकीचे बँडवाले माइकसमोर इंजिनं चालू करून खोकत बसले. धाकट्याची पुढची दोन गाणी मोठ्या स्टुडिओत झाली आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तो गॅरेजमध्ये परतला, गाड्यांना रंग मारायला लागला. तीस-पस्तीस वर्षं दोघं एका पत्र्याखाली राबली. एका किटलीतला चहा प्यायली, एकमेकांची औषधं लक्षात ठेवली. ते एक वाक्य मात्र आलं नाही. दर खेपेला तो जरा जास्त वेळ गप्प बसला की ताईचा जीव टांगणीला लागायचा, आणि तो म्हणायचा, "साखर कमी आहे."

परवा रेडिओवरची एक मुलगी आली. गाण्याला पन्नास वर्षं झाली होती. अजूनही पोरं ते ऐकून बँड काढतात म्हणे. धाकट्याचे कान त्या दणदणाटानं केव्हाच गेलेले, तेव्हा मुलीनं विचारायचं आणि ताईनं त्याच्या कानात ओरडायचं, असं ठरलं. गिटार कुठली, मित्र कुठे गेले, सगळं झालं.

"आणि ती खडखड कसली होती?" मुलीनं विचारलं.

ताईला प्रश्न गाळता आला असता, त्याला काय कळणार होतं! तिनं तोंड त्याच्या कानाशी नेलं. "खडखड कसली होती?"

धाकट्यानं तिच्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "हिची शिलाई मशीन. मी बंद कर म्हटलं, हिनं ऐकलं नाही. आम्ही चौघं हिच्या मागे मागे वाजवत होतो. त्या स्टुडिओतच कळलं मला."

"मग सांगितलं का नाही?" मुलगी म्हणाली.

"सांगितलं का नाहीस?" ताईनं विचारलं. आवाज जरा फाटलाच.

"लाज वाटली. गाण्यात चांगलं होतं ते तेवढंच, आणि ते माझं नव्हतं. ती तू होतीस, ताई."

मुलगी लिहायची थांबली. ताईनं पदरानं तोंड पुसलं, पुन्हा त्याच्या कानाशी वाकली.

"परत सांग," ती म्हणाली. "ह्या पोरीला नीट ऐकू आलं नाही."