पेन आधी दे

"पेन आधी दे," म्हणून ते तळहात पुढे करत. मी खिशातले पेन काढून देई. ते आपल्या सदऱ्याच्या खिशाला लावत आणि मगच बोलायला लागत.

आंदर मावळातल्या एका दूध संस्थेचे ते माजी अध्यक्ष, मी तालुक्याचा वार्ताहर. तुम्हीही पाहिले असेल, खुर्ची गेली की माणसाची पडवीही रिकामी होते. मी मात्र जात राहिलो. आधी बातमीसाठी, पुढे सवयीने.

संस्थेचे चराऊ रान बंगल्यांच्या स्कीमला गेले, ते त्यांच्या सहीच्या ठरावाने. "सभा झालीच न्हाई," ते सांगत. "हितंच बसून समद्यांच्या सह्या मी ठोकल्या."

"मग छापू?"

"छापायचं न्हाई हां."

"मग मला कशाला सांगता, आबा?"

"कुनाला तरी म्हाईत असावं."

रानासाठी गावातल्या बायकांनी कोर्टात दावा लावला होता. सभा झाली नाही, एवढे सांगणारा एक माणूस त्यांना हवा होता. कामशेतच्या स्टँडवर त्या मला विचारत, "भाऊ, कोन मिळंल का?" मी "बघतो" म्हणून चहाच्या टपरीकडे वळे. आबांना विनवले की म्हणत, "भात निघू दे." भात निघाले, तर "नातीचं लगीन होऊ दे." मी दिल्या शब्दाचा पक्का. त्या पक्केपणाची आज लाज वाटते.

नातीचे लग्न झाले आणि एका दुपारी त्यांचाच फोन आला. गेलो, तर हात पुढे झाला नाही.

"ऱ्हाऊ दे पेन तुज्याकडं. लिही आता. कोर्टात बी येतो."

मी काढलेले पेन हातातच धरून म्हणालो, "आबा, निकाल लागला. सोमवारीच. बायका हरल्या."

"मला कुनी बोललं न्हाई," ते म्हणाले. गावाने त्यांच्याशी बोलणे कधीच सोडले होते. मग सवयीने त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले, खिशाला लावले. त्या दिवशी बोलले मात्र काहीच नाहीत.

पंधरा दिवसांत ते गेले. दहाव्याला सुनेने पेन आणून दिले. "भाऊ, तुमचं हाय ना? आबांच्या सदऱ्यात व्हतं."

त्याच पेनाने मी सगळी हकीकत लिहून कचेरीत दिली. संपादक म्हणाले, "गेलेल्या माणसावर ठपका कशाला? श्रद्धांजली द्या."

दिली. 'गावाच्या विकासाचा शिल्पकार हरपला.' ती दुसऱ्याच दिवशी फोटोसकट छापून आली.