आजींच्या खाटेतले ढेकूण

माझा नवरा ढेकूण मारतो. झुरळं, वाळवी, मुंग्याही मारतो, पण नाव झालं ते ढेकणांमुळे. आमच्या गल्लीत त्याला ढेकूणमास्तर म्हणतात. मास्तर अशासाठी, की कुठल्या किड्यापासून माणसानं काय शिकावं हे तो सांगत सुटतो, तेही नेमकं जेवताना. "झुरळ दिवसाढवळ्या दिसलं की समजायचं, आत जागा उरली नाही. घरातली भांडणं जिन्यात ऐकू यायला लागली की तेच समजायचं." मी ताटावरून उठते. सव्वीस वर्षं झाली, मला अजून या किड्यांची शिसारी येते. धंद्याचे फोन मी घेते, पण फवारणीला म्हणून मी जात नाही.

त्या दिवशी जावं लागलं. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "सासूबाई परक्या पुरुषाला खोलीत येऊ देत नाहीत. बरोबर बाईमाणूस आणा."

दार त्या सासूबाईंच्या, म्हणजे आजींच्या, मुलानं उघडलं. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाला, "खरं तर काही नाहीये. आईला भास होतात. अंगावर किडे चालतात म्हणते, खाजवून रक्त काढते. पाच वाजता डॉक्टर येतायत. त्यांनी सही केली की उद्या तिला संस्थेत नेऊन सोडायचं. तिथं अशा लोकांची सोय असते. तोवर तुम्ही नुसतं पाणी मारा आणि सगळे मेले म्हणून सांगा. आजचा दिवस तरी शांततेत जाईल."

अशा लोकांची. जन्मदात्या आईच्या डोळ्यांत धूळ फेकायला यानं माणूस बोलावला होता, आणि तोही आधी फोनवर वेळ ठरवून.

"आधी बघतो," नवरा म्हणाला.

आजींची खोली सगळ्यात शेवटी, कपडे धुण्याच्या मशीनच्या पलीकडे. आजी खाट सोडून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हातावर लाल गांध्या, तीन-तीन एका ओळीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीही नाहीच म्हणणार ना?"

नवऱ्यानं गादी उलटली. शिवणीवर काळे ठिपके होते आणि गोडसर, कुबट वास येत होता. पेचकसानं त्यानं खाटेच्या पायाचा सांधा सैल केला, फटीतून जुनं प्लास्टिकचं कार्ड फिरवलं, आणि ते बाहेर सांडले. लहान, मोठे, रक्त पिऊन टम्म फुगलेले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी भिंतीला जाऊन चिकटले. नवऱ्यानं शांतपणे सात-आठ एका काचेच्या बरणीत घेतले. आजींना खुर्चीवरून एवढं बारीक दिसत नव्हतं.

मुलगा आणि सून दारातच उभे होते. नाकाला रुमाल.

"खाट कुठून आणली?"

"जुन्या बाजारातून," सून म्हणाली. "त्यांच्यापुरतीच तर हवी होती."

मुलानं नवऱ्याला बाजूला घेतलं. "आईला हे सांगू नका. संस्थेचं सगळं ठरलंय आता."

एवढे ढेकूण बघूनही मला जेवढी शिसारी आली नव्हती, तेवढी या वाक्यानं आली. हा माणूस मघापासून चुकून बोलत असेल अशी माझी समजूत होती. तो चुकत नव्हता. आईला ढेकूण चावतात की भास होतात, याच्याशी त्याला घेणंदेणंच नव्हतं.

नवऱ्यानं परत येऊन बरणी आजींच्या हातात ठेवली. "आहेत, आजी. भरपूर आहेत."

आजींनी बरणी उजेडात धरली. ढेकूण काचेवरून चढत होते, घसरत होते. बघता बघता आजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "म्हणजे मला वेड लागलेलं नाही," त्या म्हणाल्या.

पाचला डॉक्टर आले तेव्हाही बरणी त्यांच्या मांडीवरच होती. डॉक्टरांनी ती पाहिली, हात पाहिले, आणि कागद न उघडताच पेन खिशात घातलं. "खाट फेका. त्यांना लावायला मलम देतो," एवढंच बोलून ते गेले.

आता मुलाचा चेहरा उतरला. "आमच्या बेडरूममध्ये पण असतील का हो? तिथलं बघा आधी."

नवऱ्यानं अर्धा तास त्यांचा रुंद पलंग तपासला. गादी, उशा, पाठीची फळी, कपाटाच्या फटीसुद्धा. काही निघालं नाही.

"सुटलो बाई," सून म्हणाली.

नवरा सामान पिशवीत भरत होता. "ढेकूण पोटभर मिळतं तिथून सहसा हलत नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या खोलीत जातो तो बहुतेक वेळा माणसाच्या कपड्यांना धरून. कोणीतरी त्या खाटेवर टेकतं, गप्पा मारतं आणि त्याला बरोबर घेऊन येतं. खाट आणून किती महिने झाले?"

"आठ," मुलगा म्हणाला.

"आठ महिने," नवरा म्हणाला, "आणि तुमच्या खोलीत एकही आलेला नाही."