आमच्या साडूंची वेबसाइट

आमच्या साडूंइतका सावध माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसावा, आणि घडवलाच असेल तर आधी आमच्या साडूंची लेखी परवानगी घेऊनच घडवला असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी भिलाईशेजारच्या चरोद्याच्या यार्डात गेली. त्या खात्यात एक नियम असतो. सिग्नलला हात लावण्याआधी स्टेशनमास्तरला 'डिस्कनेक्शन मेमो' द्यायचा, म्हणजे हा सिग्नल मी कामासाठी तोडतोय, गाडी सोडू नका. काम झालं की 'रिकनेक्शन मेमो' द्यायचा, त्यावर मास्तरची सही घ्यायची, आणि मगच गाडी. नियम उत्तम आहे, त्याच्यामुळे माणसं जिवंत राहतात. पण तो घरातल्या मिक्सरला लावायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. एकदा मी त्यांच्याकडे गेलो तर मिक्सरच्या बटणावर 'काम चालू आहे, सुरू करू नये' असा कागद डकवलेला, खाली सही, सहीखाली वेळ. दुरुस्ती दुपारीच आटोपली होती, पण माझ्या मेव्हणीने रिकनेक्शनवर सही करायला साफ नकार दिला होता. म्हणून साडू स्वतः खाली बसून पाट्यावर चटणी वाटत होते. "तिले म्हटलं एक सही कर, तर म्हणते, मी काय स्टेशनमास्तर आहो?" एवढं बोलून ते पुन्हा वाटायला लागले. नियमाविरुद्ध मिक्सर सुरू करण्यापेक्षा त्यांना मनगट दुखलेलं चाललं.

फोनवर बोलणं ही त्यांच्या दृष्टीने दोन स्टेशनांमधली देवाणघेवाण असे. निरोप दिला की समोरच्याने तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, त्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मुलाच्या लग्नात त्यांनी गुरुजींकडून मुहूर्त तीनदा म्हणवून घेतला होता. चौथ्यांदा विचारल्यावर गुरुजींनी दक्षिणा आधी मागितली. मी स्वतः भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या ऑफिसात फायली इकडून तिकडे करणारा कारकून, राहायला सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये. कागदाचं प्रेम मलाही नवं नाही. पण आमच्या ऑफिसात कागद काम टाळण्यासाठी वापरतात. काम करण्यासाठी कागद वापरणारा माणूस मी हा एकच पाहिला.

चार वर्षांपूर्वी मेव्हणी गेली आणि साडू चरोद्याच्या त्या दोन खोल्यांत एकटे उरले. मुलगा बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये, मोठ्या हुद्द्यावर. तो दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी एकच प्रश्न विचारायचा, "बाबा, तिथं तुमचं काम काय आहे?" साडूंना बंगलोर म्हटलं की घाम फुटायचा. एकदा पंधरा दिवस राहून आले तेव्हा म्हणाले, "घर चांगलं हाय, सून चांगली हाय, पण बाराव्या मजल्यावर माणसानं करावं काय? खिडकीतून खाली पाहून राहिलो अन् वर पाहून राहिलो." तेव्हा मुलाला देण्यासाठी त्यांना एक उत्तर हवं होतं, आणि ते त्यांना आमच्या मराठी मंडळात सापडलं.

मंडळाची कुटुंबसूची छापून एक जमाना झाला होता. तिच्यातले निम्मे फोन बंद, निम्मी माणसं पोरांकडे पुण्याला किंवा नागपूरला. भिलाईत आता मराठी माणूस नेमका कुठे आणि किती उरला आहे, हे मंडळालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ठरलं की वेबसाइट करायची, ज्याने त्याने तिच्यावर आपली नोंद करायची, आणि गरज पडली तर एकमेकांना शोधायचं. आमचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी. त्यांना प्रत्येक प्रश्नावर रायपूरची एक कंपनी सुचते. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत साडू उभे राहिले आणि म्हणाले, "मी करतो." निवृत्तीनंतर व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी ही विद्या मिळवली होती, ही बातमी मला त्या सभेत कळली. मी मंडळाचा सचिव असल्यामुळे मी त्या क्षणी स्टेशनमास्तर झालो, ही बातमी नंतर कळली. त्या रविवारी त्यांनी मुलाला ठणकावलं, "मंडळाची साइट माझ्याकडं हाय. काम टाकून कसा येऊ?" मुलगाही त्यांचाच. म्हणाला, "ठीक आहे बाबा, दिवाळीपर्यंत चालू हो गई तो राहा. नाही तर दिवाळीनंतर मी तिकीट काढतो."

घरच्या कॉम्प्युटरवर ती साइट सुरेख चालली. मंडळाने घेतलेल्या होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेवर चढवली आणि पांढऱ्या फटक पानावर नुसता पाचशेचा आकडा आला, म्हणजे सर्व्हरवर काहीतरी बिघडलंय, काय ते तुम्हीच शोधा. हे होस्टिंग सामाईक, म्हणजे एकाच सर्व्हरवर आपल्यासारखी शेकडो बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून नळ एक. दुसरा कुणी असता तर घाबरून दहा गोष्टी एकदम बदलून बसला असता. साडूंनी वही काढली. एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा, पाहायचा, नाही जमलं तर जसं होतं तसं परत करायचं. आणि प्रत्येक बदलाआधी डिस्कनेक्शन, बदलानंतर रिकनेक्शन, दोन्हींवर माझी सही. त्यासाठी ते चरोद्याहून स्कूटरवर सेक्टर दहाला यायचे. मी म्हटलं, "भाऊजी, मोबाइलवर फोटो पाठवा ना, मी हो म्हणतो." त्यांनी माझ्याकडे, मी दारू पिऊन ड्यूटीवर आलोय अशा नजरेने पाहिलं. "फोटोवर सही होते काय?"

होस्टिंगवाल्यांच्या मदत केंद्रावर एक अतिशय विनम्र माणूस होता. कोणताही रोग सांगा, त्याच्याकडे औषध एकच, ब्राउझरची जुनी साठवण पुसा. साडूंनी त्याला तीन दिवसांत माणसात आणलं. ते तक्रार सांगायचे आणि म्हणायचे, "अब आप दोहराइए." तो दोहरायचा. चौथ्या दिवशी तो साडूंचा नंबर पाहताच आपणहून दोहरायला लागला. त्या दोघांनी मिळून तीन दोष काढले. एका फोल्डरच्या नावात पहिलं अक्षर मोठं होतं, घरच्या कॉम्प्युटरने ते पोटात घातलं होतं आणि सर्व्हरने घातलं नाही. डेटाबेसच्या नावाआधी खात्याचं नाव जोडायचं राहिलं होतं. आणि साइट ज्या संगणकी भाषेत लिहिली होती, तिची सर्व्हरवर जुनी आवृत्ती निवडलेली होती. प्रत्येक दोषाला दोन सह्या, म्हणजे सहा फेऱ्या. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी त्यांच्या स्कूटरवर भुंकणं तेव्हाच सोडलं.

दिवाळीआधीच्या रविवारी मंडळाच्या सभागृहात साइट दाखवायची होती. अध्यक्षांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नाही चालली तर काम रायपूरला. साडूंनी गुरुवारी सगळं आटोपलं आणि शेवटचा रिकनेक्शन मेमो मला ऑफिसच्या गेटवर आणून दिला. मी घाईत होतो. सही करतो म्हणालो, शर्टाच्या खिशात टाकला, आणि शुक्रवारी तो शर्ट धुण्यात गेला. इतक्या सह्या केल्यावर एक नाही केली तर काय बिघडतं, असं मला वाटलं. एक कागदच तर आहे.

रविवारी अध्यक्षांनी मोठ्या पडद्यावर साइट उघडली. पडदाभर लाल पाटी. 'काम चालू आहे. सुरू करू नये.' खाली साडूंचं नाव. सभेत हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, "हे काय होऊन राहिलं? मी म्हणतच होतो, रायपूर..."

"लाल हाय म्हणजे बरोबरच हाय," साडू शांतपणे म्हणाले. "मास्तरची सही आली नाई. सहीशिवाय मी हिरवं कसं देऊ?" आणि सगळं सभागृह माझ्याकडे वळून पाहायला लागलं. मी धुण्याची हकिकत सांगितली. माझ्या बायकोने पदराआड तोंड लपवलं. साडूंनी मात्र पिशवीतून कोरा कागद काढला, तीन दिवसांपूर्वीचा मजकूर पुन्हा लिहिला, आणि मी भर सभेत, कपाळाला घाम असताना, त्यावर सही केली. मग त्यांनी मोबाइलवरून पाटी उतरवली.

मुखपृष्ठ उघडलं, टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी 'नोंदणी' दाबलं. पान सापडत नाही. 'शोधा' दाबलं. पान सापडत नाही. टाळ्या थांबल्या. साडूंचा चेहरा मी इतका उतरलेला फक्त एकदा पाहिला होता, मेव्हणीच्या वेळी. मला तेव्हा बंगलोरचा बारावा मजला दिसायला लागला, आणि त्याच्या खिडकीशी हा माणूस. जन्मभर ज्याची टिंगल केली त्याच्यासाठी मी मनातल्या मनात गणपतीला नवस बोललो, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

"चहा होऊ द्या," साडू अध्यक्षांना म्हणाले. "चहापर्यंत वेळ द्या मले." आणि कोपऱ्यात खुर्ची ओढून वही उघडली. "आत्ता काय बदललं? पाटी काढली. आणखी काय? काही नाई. म्हणजे पाटी काढतानाच काहीतरी गेलं." ते हे मोठ्याने बोलत होते, स्वतःलाच म्हणून दाखवत होते. सर्व्हरवर एक फाईल असते, तिच्या नावाची सुरुवातच टिंबाने होते, म्हणून ती सहज दिसतही नाही. आलेल्या माणसाला कुठल्या पानावर न्यायचं, हे तीच ठरवते. त्या फाईलच्या वरच्या चार ओळी म्हणजे ती लाल पाटी. चार ओळी पुसायच्या, तर मोबाइलच्या बारीक पडद्यावर, शंभर माणसं बघत असताना, त्यांनी सगळी फाईलच पुसली होती. कुठे तिची प्रत नव्हती. म्हणजे कॉम्प्युटरवर होती, आणि कॉम्प्युटर चरोद्याला. पण वहीत ती होती. निळ्या शाईने, ओळ अन् ओळ, टिंबासकट हाताने उतरवलेली. जगात कुणी ती फाईल हाताने लिहून ठेवली असेल असं मला वाटत नाही. साडू एका बोटाने ती पुन्हा टाइप करत गेले, मी वाचत गेलो, आणि प्रत्येक ओळ त्यांनी मला परत म्हणून दाखवली. या वेळी मी हसलो नाही.

चहाचे कप गोळा होत असताना 'नोंदणी' उघडली. पहिली नोंद अध्यक्षांनी स्वतःची केली, आणि रायपूरचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.

साइट चालू झाली, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली, कारण ती चालूच राहिली. एवढ्या काळजीने केलेलं काम बंद कशाला पडेल? महिना झाला, एक तक्रार नाही. रविवारी मुलाने विचारलं, "बाबा, साइट तो चल रही है ना? मग आता काम काय उरलं?" साडू मला म्हणाले, "बरोबरच बोलून राहिला तो. सिग्नल नीट चालला तर मेंटेनरले कोण बोलावते?" त्यांनी हे इतक्या सरळपणे म्हटलं, की मला रात्रभर ते टोचत राहिलं.

म्हणून सोमवारी मी फोन केला, "भाऊजी, साइट उघडत नाही हो." ते अर्ध्या तासात आले. फोन झाल्यावर मी मोबाइल विमानाच्या बटणावर टाकून त्याचं नेट बंद करून ठेवलं होतं. त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला, बटण काढलं आणि म्हणाले, "झालं चालू." मग चहा, मग पोहे, मग यार्डातल्या गोष्टी. पुढच्या सोमवारी मला लॉगिन होईना. त्याच्या पुढच्या सोमवारी अक्षरं बारीक दिसायला लागली. दिवाळी होऊन बरेच महिने झाले, माझ्या कल्पनाशक्तीवर हल्ली फार ताण पडतो आहे. तिकडे साडू मुलाला सांगतात की साइटमध्ये दर आठवड्याला फॉल्ट येतोच, सोडून येणं शक्यच नाही.

गेल्या सोमवारी मला ताप होता. फोन करायचा राहून गेला. पाचच्या सुमाराला दारात स्कूटर थांबली. साडू हेल्मेट हातात धरून उंबऱ्यात उभे राहिले.

"आज तक्रार नाई आली," ते म्हणाले. "म्हटलं पाहून यावं, तुमचीच तब्येत बंद पडली का काय." पलंगापाशी येऊन त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि खुर्ची ओढून बसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "साइट कधी बंद नव्हतीच पडली, हे मले पहिल्याच सोमवारी समजलं होतं. पण तुम्ही फोन करत जा बाप्पा. पोराले सांगाले काहीतरी लागते."

बायकोने चहाचं आधण ठेवलं. मी उशीला टेकून बसलो, आणि अंगात ताप असताना त्यांना सांगितलं की नोंदणीचं पान दोन दिवसांपासून जरा हळू उघडतंय.