ताईचे रेशीमकिडे

अकोल्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी बुरशी वाढवते. शिळ्या भाकरीवर येते ती नव्हे, किडींना मारणारी. बिव्हेरिया तिचं नाव. उकडलेल्या तांदळाच्या पिशवीत तिचं बीज सोडलं की काही दिवसांत दाण्यांवर मऊ पांढरा थर चढतो. मग ते सुकवायचं, दळायचं, चाळायचं आणि पुड्या भरायच्या. ही भुकटी पाण्यात कालवून कपाशीवर फवारली की अळीच्या अंगाला चिकटते, कातडीतून आत शिरते आणि अळीला आतून खाते. पाच-सहा दिवसांत अळी कडक होऊन मरते, मग तिच्या अंगावर पांढरी बुरशी फुटते. विषारी औषध फवारून आलेली माणसं अंगणात ओकताना मी लहानपणी पाहिली आहेत. म्हणून या कामाचा मला अभिमान होता.

मला इथवर आणलं ते ताईनं. आई गेली तेव्हा ती नववीत होती, मी दुसरीत. तिनं शाळा सोडली आणि मला शिकवलं. अमरावतीच्या कॉलेजात माझं नाव घालायलाही तीच आली होती. पुढे भाऊजी अपघातात गेले. बार्शीटाकळीच्या पुढे एका खेड्यात ती एकटी राहिली. एका एकरात तुती लावली, प्रशिक्षण घेतलं आणि शेड बांधून रेशीमकिडे पाळायला लागली. दिवसातून तीनदा ताजा पाला द्यायची. पाहुणा आला की त्याला शेडच्या दारातच थांबवून म्हणायची, "आइक, किडे पाला जेवून राहिले."

त्या शनिवारी अर्धा दिवस पुड्या भरून मी तशीच बसनं ताईकडे गेले. किड्यांनी चौथी कात नुकतीच टाकली होती. अजून आठवडाभर खाणार आणि मग कोश विणणार. ताई कोणाला आत येऊ देत नसे, पण मला म्हणाली, "तू त सायन्सवाली, तुले काय सांगू? ये." दारातल्या ब्लीचिंगच्या पाण्यात मी पाय बुडवले. तेव्हाच मनात आलं की ओढणी सकाळचीच आहे आणि डोक्यावरून पाणी घेतलेलं नाही. आमच्या पुडीवर छापलेलं असतं, रेशीम कीटकांजवळ वापरू नये. पण ती इतक्या हौसेनं बोलावत होती. मी आत गेले. एक किडा तळहातावर घेतला. गार, मऊ, बोटाएवढा.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. "किडे खाऊन नाही राहिले वं."

रविवारी मी पोचले तोवर रॅकवर सगळे खडूसारखे पडले होते. काहींवर पांढरी पूड धरली होती. ती पूड मी रोज पाहते.

"काय झालं यायले?"

"बुरशी लागली, ताई."

"कुठून आली?"

उत्तर तिनंच दिलं. शेजारचं वावर तिच्या चुलत दिराचं. त्यानं गुरुवारी कपाशीवर आमचीच भुकटी फवारली होती, मीच दिलेली. "त्याच्याच फवाऱ्यानं," ती म्हणाली. गुरुवारचा फवारा शुक्रवारी किड्यांचं खाणं थांबवत नाही, हे मला ठाऊक होतं.

ती तशीच त्याच्या अंगणात गेली. मी मागोमाग. चार माणसं जमली. "वयनी, मले काय मालूम?" एवढंच तो म्हणत राहिला. ताईनं त्याचा, त्याच्या बायकोचा, मेलेल्या बापाचाही उद्धार केला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं आपल्या विहिरीचं पाणी तिच्या तुतीला द्यायचं बंद केलं.

किडे आम्ही खड्ड्यात चुना टाकून पुरले. टोपली उपडी कर म्हटलं, तर म्हणाली, "इतके दिवस पोसले, असे कसे फेकू?" मुठी मुठीनं तिनं ते खाली ठेवले.

पाऊस संपला आणि तुती पिवळी पडत गेली. दर पंधरा दिवसांनी मी जात होते, सांगायचं ठरवून. बसमध्ये वाक्य जुळवायचे आणि तिच्या हातची भाजी-भाकर खाऊन परत यायचे. दिवाळीनंतर एकदा गेले, तर ती कुऱ्हाडीनं तुती तोडत होती. तेव्हा तोंडातून निघालं, "ताई, ते माझ्या अंगावरून आलं होतं."

तिनं कुऱ्हाड खाली ठेवली. "तुले कधीपासून मालूम होतं?"

"त्याच दिवसापासून."

ती म्हणाली, "किडे मेले त मेले. मी त्या मानसाले साऱ्या गावासमोर नाही नाही ते बोलली. अन् तू बाजूले उभी होती."

"ताई..."

"येऊ नको माह्या मांगं."

ती त्याच्या घरी माफी मागायला गेली. त्यानं चहा पाजला, पाणी घे म्हणाला. पण तोवर तुती गेली होती आणि पुन्हा लावायची तिची उमेद उरली नव्हती. तिनं हरभरा पेरला. शेडमध्ये आता तुरीच्या काड्या रचल्या आहेत.

प्रयोगशाळेत पुड्या भरल्यावर अंघोळ करूनच बाहेर पडायचं, असा नियम मी भांडून करून घेतला. जवळपास तुती आहे का, हे विचारल्याशिवाय मी कोणाला भुकटी देत नाही. ताईला हे सांगितलं. "बरं केलं," ती म्हणाली.

ती माझ्याशी बोलते. सणाला फोन करते, तब्येत विचारते. लहानपणी ती रागवायची, पाठीत धपाटा घालायची आणि मग जवळ ओढायची. आता रागवत नाही. मागच्या महिन्यात गेले तर बसायला खुर्ची दिली, चहा कपबशीत आणला. पिऊन झाल्यावर मी कप विसळायला उठले, तर म्हणाली, "राहू दे. तू बस."