निवृत्तीभाऊंच्या गोळ्यांची चौकशी

मखमलाबादच्या मळ्यात शेवंतीची तोडणी चालू होती. साध्या कपड्यांतले दोन पोलीस मोटारसायकलवरून थेट बांधापर्यंत आले आणि "निवृत्ती कोण?" म्हणाले. फुलं खुडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

निवृत्तीभाऊ म्हणजे गावातला शांत डोक्याचा माणूस. बांधाचा तंटा असो की भावाभावांची वाटणी, लोक त्यांनाच मध्ये घालत. पण धाकटा भाऊ टेम्पो उलटून त्यांच्या डोळ्यांदेखत गेला, तेव्हापासून त्यांच्या छातीत मधूनच धडधड सुरू व्हायची, हातपाय गार पडायचे. शहरातल्या कॉलेज रोडच्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या ते तिकडच्याच मेडिकलमधून आणत, गावातल्या दुकानाची पायरी चढत नसत. बायकोला, कुसाबाईला, बीपीच्या गोळ्या म्हणून सांगितलं होतं.

"तुमच्या नावावर दर महिन्याला झोपेच्या गोळ्या जातात," पोलीस म्हणाला. "तुम्हीच खाता, की पुढे कुणाला देता?"

"बीपीच्या हायेत त्या."

"काका, मेडिकलच्या नोंदीत सगळं आहे. मनाच्या आजारावरच्या गोळ्या आहेत. पाकिटं दाखवा, आम्ही जातो."

भाऊंनी पाकिटं आणून दाखवली. सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही होती. "पोरं नशेला वापरतात, म्हणून विचारावं लागतं," म्हणत दोघं निघून गेले. बायका पुन्हा खुडायला लागल्या. कुसाबाई पाटीतली फुलं उगाच वरखाली करत राहिली.

भाऊ तसेच मेडिकलवर गेले. काउंटरवर संजना होती, दुकानाची मालकीण.

"माझं नाव तुम्हीच दिलं?"

संजनाची मान खाली गेली. "पोलीस एका डॉक्टरच्या नावाच्या खोट्या चिठ्ठ्या शोधत होते. मी म्हटलं, लेखी आदेश आणा. ते म्हणाले, नंतर देतो, आणि नोंदवहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले. खरं सांगू भाऊ, मी फार अडवलंही नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा याच गोळ्यांनी दवाखान्यात पडलाय."

भांडायला आलेला माणूस तसाच परत फिरला.

घरी येऊन त्यांनी रागाच्या भरात गोळ्याच बंद केल्या. गोळी नको नि नोंदही नको. पण जीव एका जागी ठरेना. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जावं कळेना. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की ते घरात शिरून दार लावून घेत. गणेशवाडीच्या फूलबाजारात एका सकाळी हात इतके कापायला लागले की क्रेट खाली पडला. कुसाबाईने त्यांना सरळ रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

"मला सांगितलं असतं तर मी काय गावभर दवंडी पिटणार होते?" ती वाटेत म्हणाली.

"लोक म्हणतील, हा डोक्यानं गेला."

"म्हणतीलच. म्हणून मलाबी नाय सांगायचं?"

अशा गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, म्हणून डॉक्टर रागावले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. थोडं बरं वाटल्यावर भाऊ पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"काका, सगळ्या चिठ्ठ्या पाहिल्याशिवाय खोटी कोणती ते कसं कळणार?"

"बघा ना. पण आधी दुकानाला लेखी कागद द्या, मग बघा. आणि विचारायचं तर फोन करून बोलवा. चारचौघांत माझा आजार कशाला सांगायचा?"

"तुमचं बरोबर आहे. आमच्या पोलिसांना सांगतो." साहेब 'सांगतो' म्हणाले, 'असं पुन्हा होणार नाही' मात्र म्हणाले नाहीत.

पुढे खोट्या चिठ्ठ्यांचा छडा लागला. त्या डॉक्टरच्या नावाचे कोरे कागद चोरून विकणारा एक माणूस होता, आणि तो मेडिकलच्या नोंदींवरूनच सापडला. बातमी वाचून भाऊंना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच चीडही आली. गावात तंटे चालूच होते, पण त्यांना बोलावणं येईना. समोरून येणारा शेजारचा गेणूही तब्येत विचारताना आवाज बारीक करी.

महिना भरल्यावर कुसाबाई त्यांच्यासोबत मेडिकलवर गेली. संजनाने चिठ्ठी पाहिली, गोळ्या काढल्या आणि नोंदवही उघडून पेन उचललं.

"पत्ता तोच ना, भाऊ?"

मागे दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. भाऊंनी एकदा वळून पाहिलं, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "तोच."