ढगांवरचा राब

गोष्ट हातात घेतली की सुमनताई चष्मा पुसायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "इथली माणसं जेवतात काय?"

त्या शहापुरातल्या आमच्या शेजारी. माहेर मुरबाडकडच्या वैशाखऱ्याचं, सारा जन्म कचेरीतल्या नोकरीत गेलेला. निवृत्तीनंतर हाताला लागेल ते वाचायच्या आणि त्यांच्या दुर्दैवानं मी हाताला लागलो. मी तेव्हा एक अद्भुत कादंबरी लिहीत होतो: ढगांवरचं राज्य, स्फटिकाचे मनोरे, उडते घोडे. ते मी इतक्यांदा ऐकवलं होतं, की मला पाहून लोक रस्ता बदलत. ताई तेवढ्या बसून ऐकत. हे राज्य खरं वाटतं, असं त्यांनी एकदा म्हणावं, एवढीच माझी आस होती.

"भात खातात," मी ऐटीत म्हणालो.

"मग राब कुठं भाजतात रे? ढगावर?"

पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, हे मुरबाड-शहापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा भात मात्र थेट सोन्याच्या ताटात उगवला होता. घरी जाऊन घाईघाईनं राब भाजला. ताईंनी पान वाचलं.

"भाजलास, बरं केलंस. पण राख खाली कोणाच्या अंगावर पडते?"

"खाली कोणी नाही."

"खाली कोणी नाय, असं वर बसलेल्यालाच वाटतं."

मी फुगलो. बरेच दिवस त्यांच्याकडे फिरकलो नाही. मग त्यांचं तोंड बंद करायला ढगाखाली एक वस्ती लिहिली, तिच्यात रोज अंगणातली राख झाडणारी एक गरोदर बाई. तिला नावसुद्धा दिलं नाही. एका परिच्छेदात तिला उरकून मी माझ्या लाडक्या घोड्यांकडे वळलो. ताईंनी तेही वाचलं आणि कागद दुमडून नुसता परत दिला. मी आणखी फुगलो.

यंदा ताईंनी अंथरूण धरलं. भेटायला गेलो, तेव्हा त्यांना धड बोलवत नव्हतं. तरी मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "ती राख झाडणारी... मोकळी झाली का रे नीट?"

मी ते लिहिलंच नव्हतं. "झाली," मी म्हणालो. "मुलगी झाली."

"पोरीला राखेत नको ठेवू."

थोड्याच दिवसांत ताई गेल्या. इतकी वर्षं ज्यासाठी तोंड वेंगाडलं, ते मिळालं होतं आणि मला रडू आवरत नव्हतं.

घोडे मी काढून टाकलेत. सध्या त्या मुलीचं घर बांधतोय. भिंती कुडाच्या की विटांच्या, दार कुठल्या अंगाला ठेवलं तर राख आत येणार नाही, काही ठरत नाही. विचारायला उठतो, तर शेजारी कुलूप.